'९९ टक्के अचूक' म्हणजे नेमकं किती?

सांगलीतल्या आमच्या मोबाइल दुकानाच्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो: 'या अँटीव्हायरसवर ९९ टक्के अचूक लिहिलंय, टाकू का?' गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

समजा, १,००० ॲप तपासायची आहेत आणि त्यांत १० घातक आहेत. काहीच न बघता सगळ्यांना 'चांगलं' म्हटलं, तरी ९९० उत्तरं बरोबर. झालं की ९९ टक्के! चोर मात्र एकही हाती नाही. म्हणून दोन आकडे वेगवेगळे विचारा. घातकांपैकी पकडली किती, आणि चांगल्यांवर उगाच आळ किती वेळा घेतला?

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'ड्रेबिन' ही मशीन लर्निंगची, म्हणजे संगणकाला उदाहरणं दाखवून शिकवायची, पद्धत मांडली. ॲप कुठल्या परवानग्या मागतं, आत काय दडलंय, यावरून ती पारख करते. त्यांच्या चाचणीत ९४ टक्के घातक ॲप सापडली, खोटा आळ १ टक्का. उत्तमच. पण १,००० मध्ये घातक एकच असेल, तर त्याच १ टक्क्यापायी साधारण १० खोट्या घंटा वाजणार. चौथ्या घंटेला कुणीही न वाचता 'ओके' दाबतो. आम्हीही.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि आमच्या मते हीच मोठी. ड्रेबिनची घातक ॲप २०१० ते २०१२ मधली. शिकवताना पुढच्या काळातली ॲप मिसळली आणि परीक्षा जुन्यांवर घेतली, तर तो फुटलेला पेपर. २०१९ च्या 'टेसरॅक्ट' अभ्यासात तारखांचा क्रम पाळून मोजलं, तेव्हा नावाजलेल्या पद्धतींचे गुण चांगलेच घसरले.

हळदीचा सौदा करणारे आमचे एक गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नपत्रिका' घेऊन आले. फाइल एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची. दुकानातल्या बिनसिमच्या जुन्या फोनवर टाकली, तर आधी एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मग आयकॉनच गायब. पत्रिकेला कुणाचे ओटीपी वाचायचेत? तपासणारं ॲप त्या दिवशी गप्प होतं. तीन दिवसांनी अपडेट आलं, तेव्हा ओरडलं.

तेव्हा आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, चाचणी कुठल्या सालच्या ॲपवर झाली हे विचाराच. फोन दाखवायला आणताना रीसेट मारून आणू नका, आम्हाला ती फाइल बघायची असते. पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, दुकानात नंतर या.