हायड्रॉलिक मॉडेल (नदीपुराचे)

नदीला अमुक इतके पाणी आले तर ते कुठवर चढेल आणि कुठे पसरेल, याचे संगणकावर मांडलेले गणित. पाऊस किती पडला म्हणजे नदीत किती पाणी उतरेल, हे सांगणारे जलशास्त्रीय मॉडेल वेगळे. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे पाणी, ठरला की हायड्रॉलिक मॉडेलचे काम सुरू होते. त्याचा पाया म्हणजे फ्रेंच अभियंता सां-व्हनां याने १८७१ मध्ये मांडलेली समीकरणे. ती सोडवणारे ‘हेक-रास’ हे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते व जगभर वापरले जाते. २०१६ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात द्विमितीय, म्हणजे नदीच्या लांबीसोबत आडवाही पसरणारा, प्रवाहही मांडता येतो.

कोल्हापूरची पंचगंगा या कामाचे बोलके उदाहरण आहे. तिथल्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. मॉडेल बसवताना पहिली अडचण नेमकी या फुटांची येते. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे हे बांधून घेतल्याशिवाय हे आकडे भूपृष्ठाच्या नकाशाशी जुळत नाहीत. जीपीएसने घेतलेली उंची तशीच वापरली तर घोळ आणखी वाढतो, कारण ती आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत इथे ५० मीटरांहून अधिक फरक आहे.

उपग्रहावरून मिळणारी ३० मीटर जाळीची उंची फुकट असते, पण तिच्यातील चूक काही मीटरची. सपाट पूरमैदानात तेवढ्यात गावेच्या गावे कोरडी किंवा बुडालेली दिसतात. शिवाय पाण्याखालचे पात्र तिला दिसतच नाही. त्यासाठी नदीचे काटछेद (पात्राचे आडवे छेद) प्रत्यक्ष मोजून घ्यावे लागतात. शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव पाणी अडवतो. तो माथ्याच्या रेषेने मॉडेलच्या गणनेच्या जाळीत कोरला नाही, तर मॉडेलमधले पाणी त्यातून आरपार जाते. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यात काढलेले असतात आणि मोठ्या पुरात बंधारेच बुडतात, म्हणून त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. पुलांकडे मात्र नीट पाहावे.

पात्राच्या खडबडीतपणासाठी मॅनिंगचा गुणांक वापरतात. मोकळ्या मातीच्या पात्रासाठी तो ०.०३ च्या आसपास असतो. पण पंचगंगेच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि ऑगस्टमध्ये तो बराचसा पुरुषभर उंच असतो. तिथे गुणांक दुपटीहून अधिक धरावा लागतो. मॉडेल जुळवताना सर्वांत जास्त हलतो तो हाच आकडा.

मॉडेलच्या वरच्या टोकाला विसर्गाचा कालआलेख, म्हणजे वेळेनुसार बदलता विसर्ग, द्यायचा. पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी वाढली की आपोआप उघडतात. त्यामुळे हा आलेख पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. खरी कसोटी खालच्या टोकाला लागते. नवशिके तिथे तळाच्या उताराची सरासरी देऊन मोकळे होतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते. खालच्या टोकाची ही सीमा कृष्णेच्या तासातासाच्या पातळीनेच बांधावी, नाहीतर संगमाकडच्या गावांतून पूर मॉडेलमध्ये वेळेआधीच ओसरतो. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा कुठवर येतो, या महाराष्ट्र-कर्नाटक वादातही गणित अशाच सीमांभोवती फिरते.

मॉडेल एका पुरावर जुळवून दुसऱ्यावर, गुणांक न बदलता, तपासतात: २०१९ च्या भिंतींवरच्या पूरखुणांवर जुळवणी, २०२१ वर पडताळणी. मग पाण्याच्या पातळीतून जमिनीची उंची वजा केली की खोलीचा नकाशा मिळतो. त्यात नदीशी न जोडलेले खड्डेही ओले दिसू शकतात. ते हाताने काढावे लागतात. महाराष्ट्रात २५ वर्षांच्या वारंवारितेच्या (सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या) पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंमध्ये नियंत्रित क्षेत्र. बांधकाम परवानगीच्या वेळी प्लॉट कोणत्या बाजूला पडतो हे या रेषांवरून ठरते.