तोंड मोठं, रेटा कमी: जेट इंजिनांच्या मापांची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळावर नव्वदच्या दशकात इंडियन एअरलाइन्सची बोइंग ७३७-२०० विमानं यायची. पंखांना चिकटलेली त्यांची इंजिनं म्हणजे लांबट नळकांडी: प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी८डी. पुढचा फॅन जेमतेम एक मीटरचा, रेटा (विमानाला पुढे ढकलणारा जोर) सात टनांच्या आसपास. (२६ एप्रिल १९९३ रोजी उड्डाण घेताना बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलेलं विमान याच जातीचं. ५५ जण गेले. चौकशीत ठपका इंजिनावर आला नाही.) आता तिथे एअरबसचं ए३२० निओ उतरतं. त्याच्या फॅनचा व्यास दुप्पट, म्हणजे हवा घेणारं तोंड चौपट. रेटा मात्र बारा टन, दुपटीलाही पोचत नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत इंजिन म्हटलं की लोक हॉर्सपॉवर विचारतात. जेटचं माप रेट्यात, म्हणजे थ्रस्टमध्ये सांगतात. थोडी हवा प्रचंड वेगाने मागे फेकली काय किंवा भरपूर हवा सावकाश ढकलली काय, रेटा तेवढाच मिळतो. पण फेकलेल्या हवेत जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दुसरी रीत स्वस्त पडते. जेटी८डीमध्ये जळणाच्या भट्टीला वळसा घालून जाणारी हवा आत जाणाऱ्या हवेएवढीच होती. निओच्या इंजिनांत ती अकरा-बारा पट आहे. मोठ्या तोंडाचं कारण हे.

ही वाट मोठ्या प्रवासी विमानांत रुळली ती बोइंग ७४७ मुळे. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्या जेटी९डी इंजिनाचा फॅन सुमारे २.३ मीटरचा होता, रेटा वीस टनांच्या घरात. त्याच सुमारास ब्रिटनच्या रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनाच्या फॅनसाठी कार्बन फायबरची पाती करायला घेतली. वजनाला हलकी, पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकेनात. शेवटी टायटॅनियमकडे वळावं लागलं. खर्च हाताबाहेर गेला, फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. कार्बन फायबरची पाती प्रवासी सेवेत रुळवली जनरल इलेक्ट्रिकने, १९९५ मध्ये, जीई९० इंजिनात; कडेला टायटॅनियमची पट्टी लावून.

इंजिनं अवाढव्य होण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मोठं. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना जवळच्या विमानतळापासून दोन तासांच्या अंतरापर्यंत जायची मुभा मिळू लागली. महासागर ओलांडायला चार इंजिनं हवीतच, असं उरलं नाही. पण उड्डाणाच्या क्षणी एक बंद पडलं तर उरलेल्या एकट्याने सगळं विमान वर न्यायचं असतं. म्हणून पहिल्या ७४७ ला चार इंजिनांचा मिळून सुमारे ऐंशी टन रेटा पुरला, तर दोन इंजिनांच्या बोइंग ७७७-३००ईआरला दोघांचा मिळून शंभरावर लागतो. त्यातलं जीई९०-११५बी ३.२५ मीटर फॅनचं, ५२ टनांचं. डिसेंबर २००२ मध्ये चाचणीत त्याने ५८ टन दिले, तो तेव्हाचा विक्रम.

तो विक्रम मोडला जनरल इलेक्ट्रिकच्याच जीई९एक्सने. फॅन ३.४ मीटर, नोव्हेंबर २०१७ च्या चाचणीत सुमारे ६१ टन. पण गंमत अशी की रोजच्या कामासाठी त्याची मान्य क्षमता साधारण ५० टनच, जुन्या भावापेक्षा कमी. ते ज्या बोइंग ७७७एक्सला बसतं त्याचे पंख अधिक लांब आहेत, त्यामुळे तेवढ्यात भागतं. २०२५ अखेरपर्यंत हे विमान प्रवासी सेवेत आलेलं नव्हतं, म्हणजे रोजच्या कामात जास्त ताकदवान जुनंच. रोल्स-रॉइसचं अल्ट्राफॅन (सुमारे ३.५५ मीटर, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीत चाचणी) याहून मोठं, तेही इंधन वाचवण्यासाठीच.

कागदावरचे हे आकडे बहुधा तीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी धरलेले असतात. त्यापुढे हवा विरळ होते, टर्बाइनचं (जळलेल्या तप्त वायूने फिरणाऱ्या चक्राचं) तापमान मर्यादेला टेकतं आणि रेटा उतरू लागतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळिशीला जातो, तेव्हा लांब धावपट्टी तरी लागते, नाहीतर विमानाचं वजन तरी कमी करावं लागतं.