गोव्याच्या दमट हवेत सॉफ्टनरची गरज किती?

फॅब्रिक सॉफ्टनर कपडे स्वच्छ करत नाही. मळ निघून गेल्यावर, शेवटच्या पाण्यात तो घालायचा असतो. धाग्यांवर मेदाचा पातळ थर चढवायचा, एवढंच त्याचं काम. आणि तो थर कपडा वाळल्यावरही तिथेच राहतो. बाटली घ्यावी की नाही, हे ठरवताना मी आधी याच गोष्टीचा विचार करते.

थर बसतो तो विद्युतभारामुळे. पाण्यात भिजलेल्या सुती धाग्याच्या पृष्ठभागावर किंचित ऋणभार असतो. सॉफ्टनरच्या रेणूचं एक टोक धनभारित नायट्रोजनचं, आणि त्याला सोळा-अठरा कार्बन अणूंच्या दोन लांब मेदसाखळ्या जोडलेल्या. धन टोक धाग्याला चिकटतं, साखळ्या बाहेर राहतात आणि धागा धाग्यावरून सहज सरकू लागतो. हे सरकणंच बोटांना मऊ लागतं. केसांच्या कंडिशनरमधले रेणूही याच घराण्यातले. धुण्याच्या पावडरीतले मुख्य रेणू मात्र ऋणभारित असतात, म्हणून पावडर आणि सॉफ्टनर एकाच पाण्यात पडले की एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही वाया जातात.

दोरीवर वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो, तेव्हा आपण पाण्यातल्या क्षारांना दोष देतो. कधी तो खरा असतो, कधी जास्त पडलेली पावडर नीट विसळली गेलेली नसते. पण आणखी एक कारण आहे. जपानमधल्या काओ कंपनीच्या आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की वाळलेल्या सुती धाग्यांच्या पृष्ठभागावरही थोडं पाणी धरून ठेवलेलं असतं आणि तेच शेजारशेजारच्या धाग्यांना जखडतं. ही जखडण सॉफ्टनरने कमी होते हे खरं. पण ती हातानेही मोडते. दोरीवर घालण्यापूर्वी टॉवेल दोनदा जोरात झटकावा, वाळल्यावर चोळून घडी घालावी. शिवाय टॉवेलचं काम पाणी टिपण्याचं, आणि मेदाचा थर नेमका त्याच्याच आड येतो. साध्या सुती पंच्यालाही हेच लागू आहे.

जाहिरातीत सांगतात तो दुसरा फायदा म्हणजे कपडे अंगाला चिकटत नाहीत, चटचट ठिणग्या उडत नाहीत. थंड, कोरड्या देशांत, गरम हवेच्या ड्रायरमध्ये कपडे वाळवणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी आहे. फोंड्यात किंवा म्हापशात राहणाऱ्याला त्याचं फारसं काय? हवेतली आर्द्रता धाग्यांवर साचलेला भार वाहून नेते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांच्या वरच असते.

आपला खरा त्रास वासाचा आहे. आषाढात पडवीतल्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि मग कुबट वास धरतात. या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. त्याचे काही वाण वाळणं आणि अतिनील किरणं दोन्ही बऱ्यापैकी सोसतात, त्यामुळे अधूनमधून पडणाऱ्या उन्हाची तिरीप पुरतेच असं नाही. सॉफ्टनरचा सुगंध हा वास झाकतो, जिवाणू घालवत नाही. वास गेल्यासारखा वाटतो आणि टॉवेल पुन्हा ओला झाला की परततो. त्यापेक्षा मशीनमध्ये कपडे कमी भरावेत, धुऊन झाल्याबरोबर काढावेत, टॉवेल गरम पाण्यात धुवावेत आणि दोरीवर अंतर ठेवून पंख्याखाली वाळवावेत.

मग सॉफ्टनर कुठे वापरावा? पॉलिएस्टरच्या साड्या, पडदे, गोळे धरणारे लोकरी कपडे, इथे मला तो पटतो. घर्षण कमी झालं की धागाही कमी झिजतो. टॉवेल, स्वयंपाकघरातली फडकी, मायक्रोफायबरची पुसणी आणि घाम शोषणारे खेळाचे कपडे यांना तो अजिबात लावू नये. तान्ह्या मुलांच्या कपड्यांनाही नको, कारण सुगंधी द्रव्यांनी नाजूक त्वचेवर पुरळ उठू शकतं.

पाणी जातं कुठे, हेही बघायला हवं. आपल्याकडे अनेक घरी मशीनची नळी परसातल्या माडाच्या नाहीतर केळीच्या आळ्यात सोडलेली असते. जुन्या सॉफ्टनरमधले रेणू निसर्गात फार सावकाश विघटित होत, म्हणून युरोपात १९९० च्या दशकात त्यांच्या जागी सहज तुटणारे रेणू आले. वास टिकवणाऱ्या सूक्ष्म कुप्यांचा प्रश्न मात्र उरला. त्या अनेकदा प्लॅस्टिकच्या असतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिकवर बंदी आणली, आणि सुगंधाच्या कुप्यांना २०२९ पर्यंत मुदत दिली. सॉफ्टनर वापरायचाच असेल तर त्या दिवशीचं पाणी आळ्यात न सोडलेलं बरं.

टॉवेल अगदीच ताठ होत असतील तर शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा विनागर घालून बघावा. माडाच्या सुरेचा, रंगाचा विनागर स्वयंपाकालाच ठेवावा. पावडरीतला सोडा धाग्यांत उरला असेल तर विनागरातलं आम्ल तो उदासीन करतं, मागे थर ठेवत नाही, आणि वाळल्यावर त्याचा वासही उरत नाही. फक्त क्लोरीनचं ब्लीच घातलेल्या पाण्यात तो कधीही ओतू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो.