ओपन सोर्स नेटवर्किंग सॉफ्टवेअर : मेमरी व्यवस्थापन आणि एन्क्रिप्शन

राउटर, सर्व्हर, व्हीपीएन (इंटरनेटवरचा कूटबद्ध खासगी मार्ग) यांवर चालणाऱ्या खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरने मेमरी कशी घ्यावी, वापरून झाल्यावर कशी पुसावी आणि त्याच मेमरीतून जाणारा मजकूर कूटबद्ध कसा करावा, यांतील सुधारणांचा हा विषय. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी), ओपनएसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन), वायरगार्ड (व्हीपीएन) आणि ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) ही त्यातली ठळक नावे. मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम आणि क्रिप्टोग्राफी हे पेपर वेगवेगळे असतात. प्रत्यक्ष कामात ही फारकत टिकत नाही. मजकूर कूटबद्ध करणारी, गणिताच्या दृष्टीने अभेद्य असलेली किल्लीही वापरायची तर रॅममध्ये आणावीच लागते, आणि तिथे ती साध्या बाइट्सच्या रूपात पडून असते. या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले दोन घोटाळे गणित चुकल्यामुळे झालेले नाहीत.

पहिला घोटाळा हार्टब्लीड. तो ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. टीएलएस (जाळ्यावरचा मजकूर कूटबद्ध करून नेण्याची पद्धत) जोडणी जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी एक बाजू छोटा संदेश पाठवते आणि त्यासोबत त्याची लांबी सांगते. दुसऱ्या बाजूने तोच संदेश जसाच्या तसा परत करायचा असतो. ओपनएसएसएल १.०.१ मध्ये सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासलेच जात नव्हते. एक बाइट पाठवून ‘चौसष्ट हजार पाठवले’ असे सांगितले, की सर्व्हर त्या बाइटच्या शेजारची सुमारे ६४ केबी मेमरी उचलून देत असे. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कुणाची कुकी, तर कधी सर्व्हरची खासगी किल्लीच. नेहमीच्या लॉगमध्ये याची नोंदही राहत नसे. क्लाउडफ्लेअर कंपनीने मुद्दाम कच्चा ठेवलेल्या सर्व्हरमधून लोकांनी काही तासांतच किल्ली काढून दाखवली.

दुरुस्ती मोजक्या ओळींची होती, दुखणे मात्र जुने होते. वेगासाठी ओपनएसएसएल मोकळी झालेली मेमरी सिस्टीमला परत न करता स्वतःच्याच साठ्यात ठेवून पुन्हा वापरत असे. सुरक्षेवर भर देणाऱ्या ओपनबीएसडीसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमने मेमरीभोवती घातलेले पहारे त्यामुळे निरुपयोगी ठरत. ओपनबीएसडीच्या मंडळींनी वैतागून त्याच महिन्यात कोडची वेगळी शाखा काढली, ती लिबरएसएसएल. गुगलची बोरिंगएसएसएल जूनमध्ये आली. ज्या प्रकल्पावर अर्ध्या जगाचा सुरक्षित व्यवहार चालत होता, त्याला थेट देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर मिळत होत्या. एवढ्यात मुंबईत एका अभियंत्याचा वर्षाचा पगारही धड निघत नाही. फुकट मिळणाऱ्या कोडची देखभाल मात्र फुकटात होत नसते.

दुसरा घोटाळा याच्या नेमका उलट. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढून टाकल्या. व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारे साधन ‘आरंभिक मूल्य न दिलेली मेमरी वाचली जाते आहे’ अशी कुरकुर करत होते. हेतू चांगलाच होता. पण त्यातल्या एका ओळीतून सगळी खरी यादृच्छिकता आत येत होती. ती गेल्यावर किल्ली बनवताना उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक; म्हणजे एका प्रकारच्या व आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. रोगापेक्षा इलाज जालीम ठरला, आणि १३ मे २००८ पर्यंत ते जाहीर झाले नव्हते. डेबियन व त्यावर आधारलेल्या उबुंटूवर दरम्यान तयार झालेल्या किल्ल्या बाद कराव्या लागल्या.

किल्ली पुसणे हेही वाटते तितके सोपे नाही. सी भाषेत काम झाल्यावर मेमसेट या फंक्शनने शून्ये भरली, तरी ‘ही मेमरी पुढे कोणी वाचत नाही’ असे पाहून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती ओळच गाळू शकतो. कोड डोळ्यांना बरोबर दिसतो आणि किल्ली मात्र रॅममध्ये तशीच राहते. यासाठी ओपनबीएसडीने एक्स्प्लिसिट-बीझीरो हे फंक्शन आणले आणि ग्लिब्सी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने २०१७ मध्ये ते घेतले. किल्ली स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत, जाऊ नये म्हणून मेमरीचे ते पान एमलॉक या आदेशाने रॅममध्येच धरून ठेवतात. ओपनएसएसएच ८.१ ने, २०१९ मध्ये, याच्याही पुढची पायरी गाठली. वापरात नसलेली खासगी किल्ली रॅममध्येही कूटबद्ध ठेवायची आणि ती उघडण्याची किल्ली १६ केबी यादृच्छिक मजकुरातून काढायची. प्रोसेसरमधल्या गळतीतून एखाददुसरा बिट चुकीचा वाचणाऱ्याला एवढा सगळा मजकूर बिनचूक मिळवणे अवघड जाते.

मुंबईत हा विषय सर्वांत जवळून दिसतो तो लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर. स्वस्त राउटर घेताना ‘अँटेना किती?’ असे विचारणारे गिऱ्हाईक हमखास भेटते. रॅम किती, असे विचारणारा विरळा. जुन्या स्वस्त राउटरांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असते. अशा यंत्रांवर नवी आवृत्ती घालू नका, असे ओपनडब्ल्यूआरटी स्वतःच सांगते. टीएलएसचा एक रेकॉर्ड (एका वेळी कूटबद्ध होणारा तुकडा) १६ केबीपर्यंत असू शकतो. येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराचे बफर (तात्पुरते साठे) धरले तर एका जोडणीला सुमारे ३२ केबी लागतात. कर्नल, वायफाय ड्रायव्हर आणि फायरवॉल यांनी आधीच जागा अडवलेली असताना अशा जोडण्या वाढल्या, की मेमरी संपते आणि राउटर रीबूट होतो. घरचे लोक केबलवाल्याला फोन लावतात. ओपनडब्ल्यूआरटीने २३.०५ आवृत्तीपासून आटोपशीर एम्बेडटीएलएस मूळ टीएलएस लायब्ररी म्हणून घेतली.

वायरगार्डने मेमरी आणि एन्क्रिप्शन हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवले, म्हणून या नोंदीत त्याला मानाचे स्थान. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ सोबत तो कर्नलमध्ये आला. मूळ कोड सुमारे चार हजार ओळींचा. पाठवणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय तो त्याची कसलीही स्थिती साठवत नाही आणि आलेल्या पॅकेटसाठी नवी मेमरीही मागत नाही. त्यामुळे खोट्या पॅकेटांचा मारा करून त्याची मेमरी भरून टाकता येत नाही. त्यातला चाचा२० हा सायफर (कूटबद्ध करण्याची रीत) एईएस या प्रचलित सायफरच्या खास सूचना नसलेल्या स्वस्त प्रोसेसरवरही चपळ चालतो.

मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेकडे चाललेली वाटचाल हा वेगळ्या नोंदीचा विषय, लिनक्स ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ साली, तिला प्रवेश मिळाला, इतके येथे पुरे. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या सी-डॅकच्या मुंबई केंद्राने, एर्नेट या शिक्षण-संशोधन जाळ्याच्या काळापासून जाळ्यांवर काम केले. पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि सी भाषेचे पाठ मराठी आवाजातही ऐकता येतात. वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबरसुरक्षा चौकटीत महत्त्वाच्या यंत्रणांसाठी सॉफ्टवेअर घटकांची यादी मागितली. हार्टब्लीडच्या वेळी अनेक ठिकाणी पहिला खोळंबा यावरच झाला होता, की कोणत्या यंत्रावर ओपनएसएसएलची कोणती आवृत्ती आहे.

क्वांटम संगणकाला तोंड देणाऱ्या पद्धतींनी मेमरीचा हिशेब पुन्हा उघडला आहे. एक्स२५५१९ या रूढ किल्ली-देवाणघेवाण पद्धतीची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटची; क्वांटमला तोंड देणाऱ्या एमएल-केम-७६८ ची १,१८४ बाइटची. एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये दोन्ही एकत्र वापरणारी पद्धत आली. तिच्यामुळे टीएलएसचा पहिला संदेश बहुधा एका पॅकेटमध्ये मावत नाही. उरलेला तुकडा येईपर्यंत सर्व्हरला पहिला सांभाळून ठेवावा लागतो.