सच्छिद्र शोषक पदार्थ (पाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांसाठी)

आत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असलेले आणि पाण्यात विरघळलेले रंग, फिनॉल, कीटकनाशके यांचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींवर धरून ठेवणारे घन पदार्थ. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. सक्रिय कोळसा (खास प्रक्रियेने छिद्रे वाढवलेला कोळसा) हा त्यांतला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा. त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० ते १,५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चिमूटभर भुकटीत पाच ते पंधरा गुंठे.

कोळसा द्रावणाचा रंग ओढून घेतो, हे रसायनशास्त्रज्ञ टोबियास लोव्हिट्स याने १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशाने पाक स्वच्छ करायला सुरुवात केली. बेळगाव जिल्ह्यात आज या विद्येची गरज आहे तीही मुख्यतः उसामुळेच. कृष्णा, घटप्रभा आणि हिरण्यकेशीच्या खोऱ्यांत साखर कारखाने आहेत, काहींना जोडून मद्यार्काचे प्रकल्प आहेत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी (त्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्याही वर जाऊ शकते. असे पाणी थेट कोळशावर सोडणे म्हणजे कोळसा वाया घालवणे. छिद्रे लगेच बुजतात. आधी बायोगॅस संयंत्र, मग हवा देऊन जैविक प्रक्रिया आणि तरीही जो तपकिरी रंग हटत नाही त्यासाठी शेवटी कोळसा, हाच क्रम योग्य.

हा रंग मेलॅनॉइडिनांचा, म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्ले तापून बनणाऱ्या तपकिरी संयुगांचा. त्यांचे रेणू मोठे असल्याने २ नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत ते शिरतच नाहीत. त्यांना २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम छिद्रे लागतात. याउलट फिनॉलसारख्या लहान रेणूला बारीक छिद्रेच घट्ट धरतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा बारीक छिद्रांचा असतो. म्हणून केवळ पृष्ठभागाचा आकडा पाहून कोळसा विकत घेऊ नये.

उसाच्या चिपाडापासूनही सक्रिय कोळसा होतो: फॉस्फरिक आम्लात भिजवून सुमारे ५०० अंश सेल्सिअसला, किंवा आधी हवा न देता तापवून त्याचा कोळसा करून मग ८०० अंशांच्या वर वाफ देऊन. पण चिपाड कारखान्याच्या बॉयलरलाच लागते. सहज मिळते ती बॉयलरची राख. तिच्यात अर्धवट जळलेला कर्ब असल्याने ती रंग शोषते, मात्र सक्रिय कोळशापेक्षा बरीच कमी.

बेळगाव शहरातील शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा भाग. सूत रंगवताना धाग्याला न धरलेला रंग धुण्याच्या पाण्यात उतरतो. असे पाणी कोळशाच्या उभ्या टाकीत वरून सोडले की वरचा थर आधी भरतो आणि भरलेला पट्टा हळूहळू खाली सरकतो. तो तळाशी पोहोचला की तोटीतून रंगीत पाणी येते आणि कोळसा बदलायची वेळ कळते. कीटकनाशकाला रंग नसतो. तिथे डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे. ठरावीक काळाने प्रयोगशाळेत तपासणी करणे हाच उपाय. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याकाठच्या भातशिवारातील विहिरींबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण नाल्यातून शहराचे सांडपाणी वाहते.

खानापूरची माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे. भाजलेल्या मातीची गाळण कांडीही सच्छिद्रच, पण तिची छिद्रे हजारपट मोठ्या मापाची. गाळ आणि बरेच जिवाणू ती अडवते. विरघळलेले कीटकनाशक तिच्यातून सरळ पार होते.

दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइटे ही सच्छिद्र खनिजे अमोनियासाठी उपयोगी आहेत, सेंद्रिय रेणूंसाठी मात्र सिलिकाचे प्रमाण जास्त असलेले प्रकारच चालतात. धातू-सेंद्रिय चौकटींना (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनवलेल्या सच्छिद्र स्फटिकांना) २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांची छिद्रे हव्या त्या मापाची घडवता येतात, पण गावच्या पाणी योजनेसाठी त्या अजून महाग आहेत.

वापरलेला कोळसा ८०० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा कामाला येतो. दर खेपेस थोडा जळून कमी होतो. तो बांधावर किंवा ओढ्याकाठी टाकला तर पावसात भिजून धरलेली प्रदूषके पुन्हा सोडू शकतो. त्यामुळे भट्टीची किंवा घातक कचरा म्हणून विल्हेवाटीची सोय टाकी बसवण्याआधीच ठरवावी लागते.