बारावीनंतर लॉ करायचंय? अकरावीच्या विषयापेक्षा दाखल्यांकडे बघा

दहावीचा निकाल लागला की पालक विचारू लागतात, मुलीला वकील व्हायचंय, तर कायदा विषय असलेली हायर सेकंडरी शोधायची का? गरज नाही. सीबीएसईला 'लीगल स्टडीज' हा ऐच्छिक विषय आहे, 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचा प्रकल्प. आवड असेल तर जरूर घ्यावा. पण पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.साठी तो लागत नाही आणि शाखेचीही अट नाही. मिरामारच्या साळगावकर किंवा मडगावच्या कारे लॉ कॉलेजात जायचं असलं तरी विज्ञान, वाणिज्य, कला, काहीही चालतं.

घोडं अडतं ते टक्क्यांपाशी. गोवा बोर्डात 33 टक्क्यांना पास होता येतं, पण कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलला बारावीत किमान 45 लागतात. ओबीसींना 42, एससी-एसटींना 40. 'चव्वेचाळीस पूर्णांक आठला पंचेचाळीस धरतील' या भरवशावर राहू नका. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप 2003 पासून एसटीत आहेत, धनगर मात्र ओबीसीतच. त्यामुळे सत्तरीतला धनगर मुलगा 41 टक्के घेऊन आला तर त्याला परत पाठवतात, आणि घरी कोणी ते आधी सांगितलेलं नसतं.

दोडामार्ग, सावंतवाडीकडून गोव्यात शिकायला येणाऱ्यांनी नीट वाचा: महाराष्ट्राचा जातीचा दाखला गोव्यातल्या राखीव जागेला चालत नाही. कॉलेजने रहिवासी दाखला मागितला तर तो मामलेदाराकडून आणायचा असतो. निकालानंतर तिथे काय गर्दी होते ते एकदा बघून या! म्हणून बारावीचे पेपर संपले की लगेच अर्ज टाका.

गोव्याबाहेरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी क्लॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. इथे वर्षाचा घोळ होतो. 'क्लॅट 2025' झाली 1 डिसेंबर 2024 ला. नावातलं वर्ष प्रवेशाचं, परीक्षेचं नव्हे. बारावीचा निकाल हाती आल्यावर फॉर्म शोधणाऱ्याचं त्या वर्षापुरतं दार बंद झालेलं असतं. बारावीचं वर्ष सुरू झालं की जुलैपासूनच लक्ष ठेवा. वयाची मात्र काळजी नको, क्लॅटला कमाल वयाची अट नाही.

मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना उगाच घाबरवलं जातं. आधी दहावी आणि मग बारावी असा क्रम असेल तर बार कौन्सिलच्या नियमात ते बसतं. दहावी न करता थेट वरची परीक्षा दिलेली असेल तर नाही.

बाकी कागद नेहमीचेच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो. फक्त सगळीकडचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आज रात्रीच समोर ठेवून बघा. एका कागदावर 'गांवकर' आणि दुसऱ्यावर 'गावकर' असेल तर कॉलेजला आधीच विचारा. प्रतिज्ञापत्र सांगितलं तर नोटरीकडून करून घ्या. खिडकीपाशी उभं राहून ते होत नाही, आणि खिडकीमागच्या माणसाला तुमची बस चुकल्याचं काही वाटत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत एकदा दिली की सहजी परत मिळत नाही, तेव्हा आधी दोन-चार झेरॉक्स काढून ठेवा.