आयर्लंडमधल्या लाहिंचला सर्फिंगला येताय? निघण्यापूर्वी एवढं वाचा

"गेल्या शनिवारी वर्ग दहाला होता, मग या शनिवारी चारला का?" हा फोन आम्हाला दर आठवड्याला येतो. लाहिंचला पूर्ण भरती आली की पुळण जवळजवळ दिसेनाशी होते आणि लाटा थेट दगडी बांधावर आपटतात. तेव्हा शिकणाऱ्यांचं तिथे काही काम नाही. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात सहाएक तास. कोकणातून आलेल्यांना हे समजवावं लागत नाही, पुणेकरांना लागतं!

पाणी गार असतं. मार्चमध्ये 9-10 अंश, ऑगस्टअखेर 15-16. बाहेरच्या उन्हावर जाऊ नका. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, म्हणून मेपेक्षा ऑक्टोबर बरा. हिवाळ्यात 5 मिलिमीटर जाडीचा वेटसूट (गार पाण्यासाठीचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख), टोपी, बूट, हातमोजे, सगळं आम्ही देतो. सूटच्या आत थोडं पाणी शिरतंच. ते अंगाच्या उबेने कोमट होतं आणि तिथेच राहतं. सूट ढगळ असेल तर दर लाटेला ते निघून जातं आणि नवं गार पाणी आत येतं. तेव्हा संकोचाने मोठा साइझ मागू नका. पाय आत जात नसेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवा, सुर्रकन जातो.

लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय? नवख्यांना नेमका तोच आवडतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी वाळूच्या दांड्यांमधल्या त्या खोलगट वाटेने परत आत जात असतं, आणि सोबत तुम्हालाही नेतं. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका; हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. वादळानंतर दांडे जागा बदलतात, त्यामुळे मागच्या खेपेची 'आपली' जागा गृहीत धरू नका. आमच्याशिवाय कधी गेलात आणि कुणी अडकलेलं दिसलं, तर 112 लावून कोस्ट गार्ड मागा.

पडताना सूर मारू नका, खाली कंबरभरच पाणी असतं. आडवे पडा आणि वर येताना डोक्यावर हात धरा.

भरपेट खाऊन येऊ नका. टॉवेल, सुके कपडे आणि चहाचा थर्मास आणा. अंगठ्या मात्र घरीच ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही.